ब्रोकर नक्की कुणाचा?

ॲडमिशनच्या याद्या लागल्या की पुण्यात एक वेगळाच सीझन सुरू होतो. कर्वेनगर, कात्रज, वाकड, विमाननगर, नाहीतर सदाशिव-नारायण पेठेच्या गल्ल्या. पाठीला सॅक लावलेली दोन-तीन पोरं किंवा पोरी, सोबत कुणाचे तरी बाबा, आणि सगळ्यांच्या पुढे बाईकवर एक माणूस. एका कानाला फोन, हातात चाव्यांचा जुडगा. तो ब्रोकर.

त्याच्याबद्दलचं आपलं मत त्याला भेटण्याआधीच ठरलेलं असतं. 'काही न करता महिन्याचं भाडं खातो' हे वाक्य तुम्ही ऐकलंय, आणि बहुतेक म्हटलंही असेल. फ्लॅट आणि फ्लॅटमेट शोधायच्या कुठल्याही ग्रुपवर जा. पोस्टच्या शेवटी 'नो ब्रोकर प्लीज' असतं आणि त्याखाली पहिली कमेंट ब्रोकरचीच असते, 'इनबॉक्स केलंय'. आठवडाभर आपण 'ओनर डायरेक्ट'च्या मागे धावतो. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस उरले की मुकाट्याने त्याच ब्रोकरला फोन लावतो.

म्हणजे विश्वास नाही, पण त्याच्यावाचून चालतही नाही. हे असं का, याचा विचार मात्र आपण करत नाही. ब्रोकर माणूस म्हणून चांगला की लुच्चा, यावर गप्पा खूप होतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. माझ्या मते विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. हा माणूस काम कुणाचं करतो, आणि पैसे कुणाकडून घेतो? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर व्यवहार सरळ आहे. भाड्याच्या घरांत मात्र ती दोन उत्तरं वेगळी येतात आणि सगळी गोची तिथेच आहे.

आधी हिशोब

एक साधं उदाहरण घेऊ. तिघांनी मिळून टू-बीएचके घेतला. भाडं २४ हजार, म्हणजे डोक्यावर ८ हजार. डिपॉझिट दोन महिन्यांचं, ४८ हजार. ब्रोकरेज एक महिन्याचं, २४ हजार. घरात पाऊल टाकायच्या आधी ९६ हजार रुपये उभे करायचे, प्रत्येकी ३२ हजार.

डिपॉझिट निदान परत यायची आशा असते. भाड्याच्या बदल्यात महिनाभर छप्पर मिळतं. ब्रोकरेजचे प्रत्येकी ८ हजार मात्र गेले ते गेलेच. करार ११ महिन्यांचा. तेवढ्या काळाचं एकूण भाडं २ लाख ६४ हजार, म्हणजे दलाली त्याच्या नऊ टक्क्यांच्या वर गेली. ११ महिन्यांनी तोच फ्लॅट, तेच मालक, तेच आपण, आणि ब्रोकर म्हणतो 'रिन्युअलचं अर्धं ब्रोकरेज द्यावं लागेल'. आणखी १२ हजार. दर वर्षी घर बदललं तर तीन वर्षांच्या डिग्रीत तीन महिन्यांचं भाडं नुसत्या दलालीत जातं.

आता ही रक्कम दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले, त्यातले निवासासाठी २० हजार. वरच्या उदाहरणातली एकट्याची दलाली ८ हजार आहे. म्हणजे वर्षभराच्या निवासाच्या पैशांतला ४० टक्के वाटा पहिल्याच दिवशी संपला. ज्याच्या घरून पैसे येतात त्याच्यासाठी ब्रोकरेज ही कटकट आहे. ज्याच्या येत नाहीत, त्याच्यासाठी पुण्यात शिकायचं की गावी परत जायचं इथपर्यंत हा प्रश्न जातो. मग तो पेठेत 'कॉट बेसिस'वर राहतो, एका खोलीत सहा कॉट आणि बाहेर मेस. त्याला आवडतं म्हणून नव्हे. तिथे निदान एवढी रक्कम एकदम काढावी लागत नाही म्हणून.

तो नेमकं करतो काय?

'काहीच करत नाही' हे खरं नाही. कुठल्या सोसायटीत कुठला फ्लॅट कधी रिकामा होणार हे त्याला महिनाभर आधी कळतं. कुठली सोसायटी बॅचलरना घेते, कुठल्या मजल्यावर पाणी चढत नाही, कुठले मालक डिपॉझिट परत करताना रंगकामाच्या नावाखाली कापतात, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. (शेवटची गोष्ट तो तुम्हाला सांगत नाही, पण त्याला ती माहीत असते.) मालक अमेरिकेत नाहीतर नाशिकला असतात, म्हणून चावी त्याच्याकडे असते.

त्याच्या बाजूनेही बघायला हवं. दहा पार्ट्यांना घर दाखवल्यावर एखादी पार्टी पक्की होते. पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, उन्हातान्हात चार जिने चढणंही त्याचंच. आणि आपणही धुतल्या तांदळाचे नसतो. ब्रोकरबरोबर घर बघायचं, खाली येऊन वॉचमनकडून मालकांचा नंबर काढायचा आणि 'काका, आपण डायरेक्टच करूया ना' म्हणायचं, हा उद्योग सगळ्या हॉस्टेलांना ठाऊक आहे. म्हणून काही जण आता घर दाखवायचेच वेगळे पैसे मागतात. अविश्वास दोन्हीकडून आहे.

पण आता हे काम नीट बघा. चावी सांभाळणं, पार्टी शोधणं, कागदपत्रं तपासणं, 'मुलं सभ्य आहेत' अशी खात्री देणं. यातलं बहुतेक काम मालकांसाठी आहे. मालकांना घरबसल्या भाडेकरू मिळतो. काही मालकही ब्रोकरेज देतात, नाही असं नाही. पण विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा पूर्ण बोजा आपल्यावरच पडतो. मालक दर वर्षी त्याला काम देणार, आपण आयुष्यात एकदाच. मग भाडं कमी करायची वेळ आली की तो कुणाच्या बाजूने बोलणार? उलट भाडं जितकं जास्त, तितकं त्याचं ब्रोकरेज जास्त. आपल्या वतीने घासाघीस करण्यात त्याचं नुकसानच आहे. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. व्यवस्थाच तशी लावलेली आहे.

'नाही' म्हणायचं काम

त्याच्याकडे आणखी एक काम असतं, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मालकांचा नकार आपल्यापर्यंत पोचवणं. 'फॅमिलीच पाहिजे', 'मुली चालतील, मुलं नको', 'प्युअर व्हेज सोसायटी आहे', आणि मग थोडा आवाज खाली करून, 'आडनाव काय म्हणालात?' मालक स्वतः हे तोंडावर म्हणत नाहीत. ते ब्रोकरला एकदा सांगून ठेवतात आणि तो गाळून माणसं आणतो. आपण मात्र 'ब्रोकर जातीयवादी आहे' म्हणतो आणि मालकांना नमस्कार करतो.

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याचा अभ्यास केला. तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या नावांनी भाड्याच्या घरांसाठी फोन केले, प्रत्यक्ष जाऊन विचारणा केली. दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला सरळ नकार किंवा जास्तीच्या अटी आल्या, सवर्ण नावांच्या वाट्याला आल्या नाहीत. अभ्यास दिल्लीचा आहे, पण पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या तुमच्या मित्राला विचारा. त्याला तो परका वाटणार नाही.

म्हणून ब्रोकरला नुसत्या शिव्या घातल्याने एक तोटा होतो. सगळा राग मधल्या माणसावर निघतो आणि ज्याने नियम घातला तो पडद्याआड राहतो.

'दलाल' शब्दाचं ओझं

मराठीत 'शेअर दलाल' असं पेपरात सहज छापून येतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. नुसतं 'दलाल' म्हटलं की ती शिवी होते. म्हणून दुकानाच्या पाटीवर 'इस्टेट कन्सल्टंट' असतं, कार्डावर 'प्रॉपर्टी ॲडव्हायझर' असतं. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचा मात्र मांडवात मान असतो, त्याला पहिल्या पंगतीला बसवतात.

हा राग जुना आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा दलाल आपल्या आजोबांनी पाहिलाय. विकणारा आणि घेणारा समोरासमोर, पण भाव कितीला फुटला हे चारचौघांना कळायचं नाही. लोकांचा खरा राग त्या रुमालावर होता. आज रुमाल नाही, पण 'मालक २४च्या खाली येणारच नाहीत' हे वाक्य आहे. मालकांनी खरंच काय सांगितलं होतं, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

कायदा दारापर्यंत येतो

'पण आता रेरा आहे ना?' हो, आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला, महारेराचं काम २०१७च्या मे महिन्यापासून सुरू झालं. या कायद्याखाली एजंटला नोंदणी करावी लागते, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरं विकता येत नाहीत, हिशोब ठेवावा लागतो. नियम मोडला तर दिवसाला १० हजार रुपये, आणि हा दंड घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकलं. २०२३ साली महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आता पास झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

हे सगळं चांगलंच आहे. पण यात एक शब्द कळीचा आहे, 'विक्री'. रेराच्या व्याख्येतला एजंट म्हणजे प्रकल्पातल्या घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणारा. तुम्हाला ११ महिन्यांसाठी फ्लॅट दाखवणारा त्यात बसत नाही. त्याला ना परीक्षा, ना रेराची नोंदणी. म्हणजे पन्नास लाखांचं घर घेणाऱ्या काकांच्या पाठीशी कायदा उभा आहे. गावाहून पहिल्यांदाच शहरात आलेल्या अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीशी, जो जास्त कच्चा आहे, त्याच्या पाठीशी मात्र नाही.

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं असावं असं म्हटलंय. पण तो नमुना आहे, राज्यांनी स्वीकारला तर लागू. आपल्याकडे भाड्याचा मुख्य कायदा १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच आहे. तो मालक आणि भाडेकरूबद्दल बोलतो. दोघांच्या मधे उभा असलेला माणूस किती पैसे घेईल, कुणाकडून घेईल, पावती देईल की नाही, हे कुणीच ठरवलेलं नाही. 'एक महिन्याचं ब्रोकरेज' हा कायदा नाही, रिवाज आहे. आणि रिवाज बदलता येतो.

आपण हे आधी केलंय

दलाली कुणी द्यायची, यावर महाराष्ट्रात एकदा मोठी लढाई झालेली आहे. घरांवरून नव्हे, भाजीवरून. बाजार समितीत शेतकरी माल घेऊन यायचा, आडत्या तो विकून द्यायचा आणि त्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. आडते-व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, वाटाघाटी झाल्या. त्या निर्णयानंतर शेतीमालाचं सगळं आलबेल झालं असं नाही. पण एक गोष्ट झाली. 'आडत शेतकऱ्यानेच द्यायची' हा जणू निसर्गनियम आहे असं जे वाटत होतं, ते मोडलं. नियम माणसांनी केलेला होता, माणसांनी बदलला.

घरांच्या बाबतीत हेच इतर देशांत घडतंय. जर्मनीत १ जून २०१५ पासून साधं तत्त्व लागू झालं. भाड्याच्या घरासाठी ज्याने एजंट नेमला, त्यानेच पैसे द्यायचे. एजंट कोर्टात गेले, पण पुढच्या वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नियम योग्य ठरवला. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून एजंटने भाडेकरूकडून फी घेण्यावर बंदी आली. डिपॉझिटही बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच. मास्टर्स करायला तिकडे गेलेल्या तुमच्या सीनियरला विचारा.

सगळ्यात ताजं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे मालकांनी नेमलेल्या ब्रोकरला भाडेकरूने वर्षाच्या भाड्याच्या १५ टक्क्यांपर्यंत फी द्यायची अशी पद्धत होती. वरच्या हिशोबात आपले नऊ टक्के निघाले होते, ते इथे आठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सिटी कौन्सिलने 'फेअर ॲक्ट' मंजूर केला आणि ११ जून २०२५ पासून तो लागू झाला. मालकांनी ब्रोकर नेमला तर फी मालकांनीच द्यायची. तुम्ही स्वतःसाठी ब्रोकर नेमलात तर तुम्ही द्या. ब्रोकर नको असं तो कायदा म्हणतच नाही.

'मालक भाड्यात लावतील की!'

हा आक्षेप न्यूयॉर्कमध्येही घेतला गेला आणि तो फालतू नाही. मालकांनी २४ हजार ब्रोकरला दिले तर ते ११ महिन्यांत विभागून भाडं सव्वीस हजारांवर नेतील. मग आपला फायदा काय?

तीन गोष्टी आहेत. एक, आज जी रक्कम एकदम काढावी लागते ती महिन्यांवर पसरेल. ज्याच्या हातात ३२ हजार एकदम नाहीत, त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही. दोन, चार महिन्यांत इंटर्नशिपसाठी शहर सोडावं लागलं तर पूर्ण ब्रोकरेज बुडणार नाही. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ब्रोकर निवडणारा आणि पैसे देणारा माणूस एकच होईल. आज मालकांना ब्रोकरेज एक महिन्याचं असो की दोन, काही फरक पडत नाही, कारण खिसा आपला आहे. उद्या त्यांचा स्वतःचा खिसा आला की ते विचारतील, 'एक महिन्याचं कशाला, दहा दिवसांचं घे.' घासाघीस करायची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याला ती वापरायचं कारण मिळेल.

ॲपने सुटलं का?

मधल्या माणसाला काढून टाकायचा प्रयोगही झालाच. 'नोब्रोकर' ही बेंगळुरूची कंपनी २०१४ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये युनिकॉर्न झाली, म्हणजे तिचं मूल्य शंभर कोटी डॉलरच्या वर गेलं. नुसत्या नावावरून कळतं की लोकांच्या मनातला राग केवढा मोठा बाजार आहे. तिथेही मालकांचे नंबर मिळवायला आणि मदत हवी असेल तर प्लॅनचे पैसे लागतात. एक महिन्याच्या भाड्यापेक्षा ते कमी पडतात हे खरं. पण मध्यस्थ गेलेला नाही, त्याचं रूप बदललं.

शिवाय ऑनलाइनचे धोके वेगळे. घर कुणाचं, फोटो कुणाचे, काही कळत नाही. 'मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे, आधी टोकन टाका' म्हणणारे आणि क्यूआर कोड पाठवणारे भामटे सगळीकडे आहेत. गल्लीतला ब्रोकर निदान उद्या त्याच टपरीवर सापडतो.

तोवर तुम्ही काय करायचं?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तुम्हाला घर याच महिन्यात हवंय. म्हणून काही कामाच्या गोष्टी.

पहिली, घर बघायच्या आधीच विचारा. ब्रोकरेज किती? मालकांकडून किती घेणार? रिन्युअलला घेणार का? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून घर विकत घेणाऱ्याला एजंटने बहुतेक ठिकाणी लेखी करार केल्याशिवाय घर दाखवायचंच नाही, असा नियम आला. आपण निदान एक मेसेज मागू शकतो.

दुसरी, मालकांशी बोलल्याशिवाय आणि मालकीचा पुरावा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. ताजं वीजबिल किंवा मालमत्ताकराची पावती बघा, नाव जुळतंय का ते पाहा. पैसे ऑनलाइनच द्या, कॅश नको.

तिसरी, ब्रोकरेजची पावती मागा. 'प्लस जीएसटी' म्हणाला तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. वर्षाला २० लाखांपर्यंत सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी घेता येत नाही. पावती असली की तुम्ही पैसे देऊन सेवा घेतलेले ग्राहक ठरता. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

चौथी, '११ महिन्यांचा करार रजिस्टर करायची गरज नाही' हे ऐकून सोडून द्या. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकांची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला, तर मालकांनी उलट सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य धरलं जातं.

पाचवी, कराराचा खर्च स्वतः मोजा. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आपल्या वरच्या फ्लॅटला ते जेमतेम ७०० रुपये होतं. शहरात नोंदणी फी १ हजार. ऑनलाइन नोंदणी करता येते. हाताळणी शुल्क वगैरे धरूनही सरकारी खर्च दोन-अडीच हजारांच्या आत बसतो. त्यावर कुणी 'ॲग्रीमेंटचे' म्हणून जास्त मागत असेल तर ते सर्व्हिस चार्ज आहेत, सरकारी नाहीत. मग त्यावर बोलणी होऊ शकते.

सहावी, ११ महिन्यांचाच करार हवा असं कुठे लिहिलेलं नाही. तीन वर्षांचा कोर्स असेल आणि मालक बरे असतील तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करार एकदम करा. रिन्युअलच्या ब्रोकरेजचा प्रश्नच येणार नाही. फक्त एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल अशी अट घाला आणि लॉक-इन किती आहे ते वाचा.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची. ब्रोकरने घर दाखवलं, ते आवडलं, तर त्याला कटवू नका. त्याच्या कामाचे पैसे झालेच पाहिजेत. वाद 'द्यायचे की नाही' हा नाहीच. वाद 'किती, कशाचे आणि कुणी' हा आहे.

विद्यार्थी संघटना फीवाढीवर मोर्चे काढतात, वसतिगृहांसाठी आंदोलनं करतात, ते योग्यच आहे. पण वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांच्या खिशातून दर जूनमध्ये जे पैसे जातात, त्याबद्दल एक निवेदनही दिसत नाही. कारण तो खर्च आपल्याला नशिबाचा भाग वाटतो. शेतकऱ्याला आडतही तशीच वाटायची. घरभाड्याच्या मध्यस्थाला नोंदणी असावी, पावती सक्तीची असावी, आणि ज्याने नेमलं त्याने पैसे द्यावेत, या तीन मागण्या एका कागदावर मावतात. हा कागद गृहनिर्माण खात्याकडे गेला तर तुम्ही शिकून बाहेर पडल्यावर त्याच गल्लीत येणाऱ्या पुढच्या बॅचचे ८ हजार वाचतील.

सुरुवात अगदी छोटी आहे. पुढच्या वेळी फोनवर ब्रोकर 'ब्रोकरेज वन मंथ' म्हणाला की त्याला आदराने विचारा, 'दादा, मालक किती देतायत?'